अर्ध्या भागाचं मत

मी आयुष्यात वर्तमानपत्राला एकूण सहा पत्रं लिहिली आणि सहाही टीव्हीवरच्या एकाच मालिकेबद्दल. शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला लिहायला दुसरं काही सुचलं नाही का, असं आमचे हे तेव्हा विचारायचे. नाही सुचलं. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या पेपरचं पहिलं पान वाचवत नसे. शेतकऱ्यानं जीव दिल्याच्या बातमीत आज कुठल्या गावाचं नाव आलं आहे, आपल्या ओळखीचं तर नाही ना, एवढं भीत भीत बघायचं आणि पेपर उलटा करायचा. शेवटच्या पानापासून वाचायची सवय मला तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही. आणि रविवारच्या शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं असत.

मालिका होती काळात मागेपुढे फिरणाऱ्या माणसाची. आमच्या लहानपणी ती पहिल्यांदा लागली, तेव्हा तिच्यात एक विसरभोळे प्रोफेसर होते आणि त्यांची काळी छत्री होती. छत्री उघडली की काळ बदलायचा. मी तेव्हा हिवरखेडला राहत होते आणि आमच्या गल्लीत टीव्ही एकच, माझ्या वर्गमैत्रिणीकडे. तिचे वडील, आमचे चाचा, गाद्या भरायचे. मागे कापूस पिंजायचं यंत्र, पुढे दुकान आणि दुकानातच टीव्ही. बसायला जागा म्हणजे गिऱ्हाइकांसाठी भरून ठेवलेल्या नव्याकोऱ्या गाद्या. त्यामुळे दारात बादली आणि तांब्या ठेवलेला असे, शेजारी पोतं. चाचांचा नियम साधा होता : पाय धुवा, पुसा, मंग बसा. गादी ओली झाली की कापूस बसतो, असं ते सांगत. दर रविवारी गल्लीतली पंधरावीस पोरं पाय धुवायला रांग लावायची. घरी मार खाल्ला तरी न धुणारे पाय त्या छत्रीवाल्यासाठी कसे धुतले जातात, याचं माझ्या आईला फार नवल वाटे.

चाचा गेले तेव्हा मी अमरावतीला बी.एड. करत होते. मैत्रिणीचं पत्र आलं. परीक्षा चार दिवसांवर होती. परीक्षा झाली की जाऊ, असं ठरवलं. परीक्षा झाल्यावर वाटलं, आता इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडानं जायचं. साधं दोन ओळींचं उत्तरसुद्धा मी लिहिलं नाही. मग तिचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि मला मूर्तिजापूरला नोकरी लागली. मधे फक्त पाऊणएक तासाची गाडी. बारा वर्षांत मी अकोल्याला साड्या घ्यायला गेले, दात काढायला गेले, तिचं घर शोधायला गेले नाही. हे माझ्या मनात कायम सलायचं, आणि सललं की मी दुसऱ्याच कुणावर तरी चिडायची.

अशात ती मालिका नव्यानं सुरू झाली. प्रोफेसर गेले, छत्री गेली. केसांना चोपडून चोपडून तेल की काय लावलेला एक तरुण आला आणि त्याच्या मनगटावर चमकणारं कडं. आमच्या शिक्षकखोलीत सोमवारी दुसरा विषय नसे. गणिताच्या सरांचं म्हणणं, छत्रीपेक्षा कडं बरं, हरवत नाही. शेंदूरजनाघाटच्या एक बाई होत्या, माहेरी संत्र्याची बाग. त्यांना मालिकेतलं काहीच पटत नसे. एवढा पुढच्या काळात जातो तर गारपीट कधी होणार ते सांगून का जात नाही, हा त्यांचा एकच प्रश्न, आणि तो त्या दर सोमवारी विचारायच्या. शिपायाचं मत, त्यानं मागे जाऊन कापसाचा जुना भाव घेऊन यावा, बाकी काही नको. हसता हसता खोली एकदम गप्प व्हायची आणि मग कुणीतरी पुन्हा छत्रीवर यायचं.

मला तो तरुण अजिबात आवडला नाही. निर्दय वाटला. संकटातली माणसं त्याच्यासमोर हात जोडायची आणि हा आपला मान हलवून नाही म्हणायचा, कडं दाबून निघून जायचा. मी पेपरला पत्र लिहिलं. ‘वास्तविक पाहता,’ अशी सुरुवात करून नव्या नायकाची सालटी काढली. खाली सही केली, एक प्रेक्षक, मूर्तिजापूर.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मालिका रविवारी सकाळी दहा ते अकरा लागायची आणि आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये गेलेली लाईन साडेदहाला यायची. म्हणजे मी प्रत्येक भागाचा उत्तरार्धच बघत होते. पण मत द्यायला अर्धा भाग पुरतो, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं. एक प्रेक्षक, अकोला. मूर्तिजापूरच्या प्रेक्षकांनी चष्मा बदलावा, नायक कनवाळू आहे, प्रत्येकाचं दुःख बसून ऐकतो, मदतीचं वचन देतो, असं त्यात लिहिलं होतं. बसून ऐकतो? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दुसरं पत्र लिहिलं. तिकडून दुसरं आलं. दोन महिने आमची अशी जुंपली की शाळेतल्या मुली गृहपाठाऐवजी मला अकोल्याच्या मुद्द्यांची उत्तरं सुचवायला लागल्या. सासूबाईंनी तर अकोल्याची बाजू घेतली, मुद्दाम.

अकोल्याचं पाचवं पत्र मी शेगडीजवळ उभी राहून वाचलं. इतर पत्रांसारखंच होतं, फक्त शेवटी एक ओळ जास्त : ‘ज्यांनी जुनी मालिका पाय धुऊन, नव्या गादीवर बसून पाहिली आहे, त्यांना तरी माणसाची पारख असायला हवी.’

दूध उतू गेलं. ते पुसायचं सोडून मी तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या कचेरीत फोन केला. तिथल्या माणसानं पाकिटावरचा पत्ता वाचून दाखवला आणि काळजीनं विचारलं, आता भांडण मिटणार की काय, लोक शेवटचं पान त्यासाठी वाचतात. सहावं पत्र लिहून तयार होतं, तेवढं टाकून दिलं पेटीत. आणि रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. निघताना सासूबाईंना बजावलं, साडेदहानंतर नीट बघा आणि काय झालं ते मला मोबाइलवर सांगा.

दार तिनंच उघडलं. जाड झाली होती, चष्मा लागला होता. माझ्याकडे पाहिलं, बाजूला झाली, आणि मला खुर्ची दिली. चांगल्या पेल्यात सरबत आणलं. तिचा नवरा दुकानावर गेला होता, मुलं बाहेर होती. मी खुर्चीवर पाहुण्यासारखी बसले, आणि ती खुर्ची मला जितकी लागली तितकं आजवर कुणाचं बोलणं लागलेलं नाही. तिच्या घरी मी कधी खुर्चीवर बसले नव्हते.

टीव्ही चालू होता. दहा वाजले, मालिका लागली, आणि मी पहिल्यांदाच या नव्या मालिकेचा पूर्वार्ध पाहिला. तो तेल चोपडलेला पोरगा खरंच एका म्हातारीजवळ जमिनीवर बसला होता. तिचं सगळं ऐकून घेत होता. तिच्या मुलाला परत आणीन म्हणून वचन देत होता. हे वचन त्याला मोडावं लागणार हे मला माहीत होतं, कारण मोडण्याचा अर्धा भाग माझ्या वाट्याचा होता. ती ज्याची बाजू घेऊन भांडत होती तो देणारा, आणि मी ज्याला शिव्या घालत होते तो न देऊ शकणारा. माणूस एकच होता.

ठीक साडेदहाला लाईन गेली. पंखा थांबला. आता टीव्हीकडे बघत बसायचीही सोय राहिली नाही.

तिची सगळी पत्रं साडेदहापर्यंतचीच का होती, ते मला कळलं आणि हसू येऊ लागलं, पण ती हसत नव्हती. म्हणून मग मी बोलले. चाचा गेले तेव्हा आले नाही, म्हणाले. परीक्षेचं कारण काही खरं नव्हतं, पुढे नुसती लाज वाटत गेली, म्हणाले. बारा वर्षं मनात घोळलेलं वाक्य होतं, बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग म्हणाली, “अब्बानं दवाखान्यात दोनदा इचारलं, ते मास्तरीण नाही आली काय म्हून. मी सांगतलं, तिची परीक्षा जवळ आली हाय. अब्बाचं चाळिसावं होईपर्यंत वाट पाह्यली मी तुयी.”

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

“पेपरात तुयं पह्यलंच पत्र वाचलं अन् वळखलं,” ती म्हणाली. “वास्तविक पाहता. सातवीपासून परत्येक निबंध तू असाच चालू करे. चार पत्रांत मी तुले कायीच सांगतलं नाही, नुसती भांडली. रागच तेवढा होता. मंग गादीचं मुद्दाम लिवलं. म्हटलं, पाहू, येते का.”

ती उठली. आतल्या खोलीतून एक गादी ओढत आणली, निळ्या पट्ट्यांची, कोरी, आणि भिंतीला लागून जमिनीवर टाकली. तिच्या नवऱ्याचंही गाद्यांचंच दुकान होतं, हे मला तेव्हा कळलं.

“पाय धुऊन ये,” ती म्हणाली.

मी मोरीत गेले. पाय साबण लावून, घोटे घासून धुतले, आणि नळ मुद्दाम मोठा सोडून रडून घेतलं. बाहेर आले आणि तिच्या शेजारी गादीवर जाऊन बसले. गादी चांगली भरलेली होती.

अकराला सासूबाईंचा फोन आला. आम्ही दोघींनी एकाच मोबाइलला कान लावला. सासूबाईंनी सांगितलं की त्या पोट्ट्याला म्हातारीचा मुलगा काही आणता आला नाही, पण या खेपेला तो पळून गेला नाही, परत जाऊन तिच्याजवळ बसून राहिला, आणि मग जाहिरात लागली. मी विचारलं, काही बोलला का. नुसता बसून होता, त्या म्हणाल्या, मले तर बरा वाटला.

फोन ठेवला. मी म्हटलं, तरी छत्री पाहिजे होती. छत्रीबद्दल तिचंही मत तेच निघालं, इतक्या पत्रांनंतर पहिल्यांदाच. मग ती वाकली आणि माझ्या पायांकडे बघू लागली.

“पुसले नाही तू,” ती म्हणाली. “गादी ओली होऊन राहिली.”