आकडी खुंटीला, कोयता डोक्यावर

डाव्या हाताला टाके पडलेत, एका हातानं लिहितेय. लई संताप झालाय.

आज दुपारी सासूबाई रानातनं सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन आल्या. मी उतरवायला हात लावला आणि आत खोचलेला कोयता सटकला. त्यांच्या मानेजवळून निसटून माझ्या तळहातावर आला.

आमच्या उत्रोलीकडं पुरुष कमरेला मागं लाकडी आकडी बांधतात आणि कोयता तिच्यात अडकवतात. हात मोकळे, चालायला सोपं. बायकांनी मात्र तो मोळीत खोचायचा!

दवाखान्यातनं आल्या आल्या सासऱ्यांना म्हटलं, "मामा, तुमची आकडी आत्यांना द्या."

"बाईमाणसाच्या कमरेला कोयता बरा दिसतो व्हय? लोक हसतील."

मानेत घुसलेला बरा दिसला असता का?

सासरे आता रानात जात नाहीत, आकडी नुसती खुंटीला लटकते. मी ती काढून सासूबाईंना कमरेला बांधायला लावली. कोयता अडकवून त्या अंगणात फिरल्या. म्हणाल्या, "इतकं सोपं व्हतं व्हय गं हे?"

भावांनो, खरं सांगा. तुमच्या घरात आकडी कुणाच्या कमरेला आहे, आणि कोयता कुणाच्या डोक्यावर?