फुलं चालली, हात चालला नाही

नारळ माझ्या हातात होता. तांदूळ, खण, सुपारी, हळकुंड, सगळं ताटात मांडलेलं. नणंदेचं, नेहाचं डोहाळजेवण. तिची ओटी भरायला मी वाकले आणि सासूबाईंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला. हळूच नाही. ओढून. भर बायकांत.

"तू नको. तुझं असं चालू असताना तिला कशाला?"

'असं' म्हणजे माझी इंजेक्शनं. मूल व्हावं म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता पोटात घ्यायची. इंदिरानगरच्या त्या बंगल्यात जमलेल्या एकूण एक बाईला ती ठाऊक होती, कारण सासूबाईंनीच ती बातमी घरोघर पोचवली होती. एक मावशी शेजारणीला म्हणाल्या, तेही मला ऐकू जाईल असं, "औषधं फवारलेल्या मळ्यात वाढलेली पोर. दोष असायचाच."

नेहाच्या अंगावर फुलांचे दागिने होते. शेवंतीचा मुकुट, मोगऱ्याचे बाजूबंद, कंबरपट्टा. ती फुलं मखमलाबादकडच्या आमच्याच मळ्यातली. माझे वडील सकाळी टोपली घेऊन आले, तर त्यांना मागच्या दाराने घेतलं. फवारणीच्या मळ्यातली फुलं नेहाच्या अंगावर चालली. हात चालला नाही.

आता खरं सांगते. दोष माझ्यात नाही.

सासूबाईंना छातीचा कॅन्सर होऊन गेला आहे. माझ्या लग्नाच्या आधी. मला किंवा माझ्या माहेरी कोणी सांगितलं नाही. धुणं वाळत घालताना त्यांच्या ब्लाउजमधली कापसाची गादी माझ्या हाती लागली, तेव्हा कळलं. त्यांची सख्खी बहीण त्याच दुखण्याने गेली. आम्ही मुलाचा विचार करू लागलो, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून सासूबाईंची तपासणी झाली. त्यांच्या जीनमध्ये, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या जनुकात, बिघाड निघाला. मग माझ्या नवऱ्याची तपासणी केली. त्याच्यातही तोच.

दवाखान्यात समुपदेशनाच्या मॅडम होत्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. मुलात हा बिघाड येण्याची शक्यता निम्मी. बिघाड आला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका मोठा, जपावं लागतं. नेहमीसारखं मूल होऊ देता येतं. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून मग गर्भाशयात ठेवता येतो. दत्तक घेता येतं. मूल नको असंही ठरवता येतं. "यातलं काहीच चूक नाही. घाई करू नका. दोघांनी मिळून ठरवा," मॅडम म्हणाल्या. आणि माझ्या नवऱ्याकडे बघून, "तुमच्या बहिणीला जरूर सांगा. तिच्यातही हा बिघाड असण्याची शक्यता निम्मी आहे."

दोघांनी कसलं ठरवायचं! घरी आल्या आल्या सासूबाईंनी ठरवून टाकलं. "या घरात ते पुन्हा नको. गर्भ तपासून घ्या, चांगला तेवढा ठेवा." नवऱ्याने मान हलवली. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

आणि सुया कोणाला? मला. बिघाड त्याच्या रक्तात, पण स्त्रीबीजं माझी काढायची, म्हणून पोट माझं सुजलेलं, निळं पडलेलं. लोकांचा हिशोब सरळ असतो. जिला सुया, तिच्यात खोट. सासूबाईंना तो हिशोब सोयीचा पडला. "नेहाच्या सासरी कळलं तर तिच्या संसाराचं काय?" असं म्हणून त्यांनी नेहालाही अंधारात ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. मी गिळत होते, पण त्या दिवशी ओढून घेतलेला नारळ गिळता येईना.

मागच्या अंगणात गेले. वडील रिकामी टोपली गाडीला बांधत होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

"लय लागलं का, पोरी?"

"नाही."

"मंग रडू नको. पन गप बी बसू नको."

पाहुण्या गेल्या. सात वाजत आले. नवऱ्याने फ्रीजमधून इंजेक्शन आणलं, माझ्यासमोर धरलं.

"नेहाला सांगा. तोवर मी घेणार नाही."

"आज? तिला सातवा महिना आहे. आणि वेळ चुकली तर सगळं वाया जाईल गं."

"जाऊ दे."

तो घामाघूम. मी हात मागे बांधून उभी. तेवढ्यात नेहाच आत आली. मुकुट तसाच डोक्यावर.

"वहिनी, आईचं मनावर घेऊ नकोस. तिचा स्वभावच तसा." पलंगावर टेकली, छातीवर हात ठेवला. "इथे एक गाठ लागतेय मला. आई म्हणते दुधाची आहे, या दिवसांत होतंच."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"सांगा तिला," मी म्हटलं. "आता."

त्याने सांगितलं. अडखळत, खाली बघून, पण सगळं सांगितलं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. नेहाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दादा, तुला कधीपासून माहीत आहे?" मग तिने आईकडे पाहिलं. सासूबाई दारातूनच मागे वळल्या.

त्या संध्याकाळी मी सुई घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो उपचार थांबला. नेहाला घेऊन मी दवाखान्यात गेले. गाठीची तपासणी झाली आहे, निकाल यायचा आहे. निकाल घ्यायलाही मीच सोबत जाणार.

आमच्या मुलाचं अजून ठरलेलं नाही. पुन्हा सुया घेईन, कदाचित घेणार नाही. ते नवरा आणि मी बसून ठरवू, आणि पोट माझं आहे म्हणून शेवटचा होकार माझा असेल. मूल झालंच तर कळत्या वयात त्याला मी स्वतः सांगेन, कुणाकडून काय आलं ते.

सासूबाई परवा म्हणाल्या, "घराची अब्रू घालवलीस."

मी म्हटलं, "इतके दिवस माझी घालवून तुम्ही ती राखलीत. आता तसं होणार नाही."