बांगड्या आणायला हैदराबादला

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं, की किराण्याची यादी दिली तर दुकानदार ती मलाच वाचायला लावतो. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. तेव्हा ही वही कोणाच्या हाती पडलीच तर चुकांची माफी आधीच मागते. खरं तर कोणाच्या हाती पडू नये म्हणूनच ती ज्वारीच्या कोठीत ठेवते.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि गावात पाहुण्यांना तोटा नव्हता. आठ-पंधरा दिवसांनी एखादी पांढरी गाडी यायची. चार माणसं उतरायची, शेत पाहायची, मग घरात येऊन आम्हा बायांकडे पाहायची. एकदा एका बाईने माझ्या तोंडासमोर माईक धरला आणि हळू आवाजात विचारलं, "रात्री झोप लागते का हो तुम्हाला?" मी लाजून पदर तोंडात धरला. माझी मोठी जाऊ मागून म्हणाली, "लागते ना बाई. घोरते सुद्धा." त्यांनी कॅमेरा बंद केला.

गाडी गेल्यावर जाऊबाई ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आपल्याले पाह्यले साऱ्या दुनियेची माणसं येऊन राह्यली. मंग आपण काहून कोणाले पाह्यले जाऊ नये?"

कुठे जायचं हे तिने खालाला विचारलं. खाला म्हणजे आमच्या गावात बांगड्या भरायला येणारी. तिचं घर अकोल्याला, माहेरची माणसं हैदराबादला. ती पंचवीस वर्षांपासून माझ्या हातात बांगड्या भरते आहे. माझा हात लहान, मऊ, ती म्हणायची, "तेरे हाथ में क्या मजा, अपने आप चली जाती." खाला म्हणाली, हैदराबादला चला. तिथे चारमिनारजवळ लाखेच्या बांगड्या मिळतात, खड्यांच्या, आरशाच्या. लग्नसराईत इकडे दुपटीने जातील. बांगड्याही येतील आणि शहरही पाहून होईल.

पैसे बचत गटातून काढायचे ठरले. जाऊबाईचं शिलाई मशीनचं कर्ज अजून फिटायचं होतं, खाला आमच्या गटात नव्हती, म्हणून कर्ज माझ्या नावावर. पाच हजार रुपये, अक्षयतृतीयेच्या बैठकीत परत. गटाचा नियम असा, की एकीचे आले की दुसरीला मिळतात. माझ्यामागे नंबर होता गटाच्या अध्यक्षबाईचा. तिला दोन शेळ्या घ्यायच्या होत्या. आणि अध्यक्षबाईचं घर आमच्या भिंतीला भिंत. मी अडकले असते तर तिच्या शेळ्या अडकल्या असत्या, आणि मला रोज भिंतीवरून ऐकावं लागलं असतं. मला चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे ताप येतो. पण जाऊबाईने माझ्या हातात पेन दिला आणि कोपराने ढोसलं. मी सही केली.

घरच्यांना सांगितलं, धंद्यासाठी चाललो. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

अकोल्याहून सकाळची काचीगुड्याची गाडी धरली. जाऊबाईने भाकरी, ठेचा आणि दोन किलो संत्री बांधली होती. संत्री माझ्या माहेरची, मोर्शीकडची. नांदेड येईपर्यंत तिने अर्ध्या डब्याला संत्री वाटली आणि अर्ध्या डब्याची खानदानी माहिती काढली. मी खिडकीला नाक लावून बसले. पूर्णेपासून पुढचं सगळं माझ्यासाठी परदेशच होतं.

उतरलो खालाच्या बहिणीकडे, चारमिनारपासून दोन गल्ल्या आत. पहिल्या दिवशी सकाळी खाला आम्हाला इराणी हॉटेलात घेऊन गेली. संगमरवरी फरशीची टेबलं, बायांना बसायला पडद्यामागची जागा. चहा इतका दाट, की वर साय तरंगत होती. सोबत बिस्किट, अर्धं गोड अर्धं खारट. जाऊबाईने ते बुडवलं, ते तुटून चहात पडलं, तिने बोटाने काढून खाल्लं आणि म्हणाली, "चहा खाऊन राह्यलो का पिऊन राह्यलो, काही समजत नाही. अजून एक सांग."

दुपारी बिर्याणी. दिवस शनिवार होता आणि जाऊबाई शनिवारी मटण खात नाही. मी हळूच आठवण करून दिली. तिने ताटाकडे पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "शनिवार अकोल्यातला. इथचा वार इथच्या लोकाइले ठाव." खाला इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही खाल्ली, हाड चोखून खाल्ली. खाली भात केशरी, वर पांढरा, मध्ये तळलेला कांदा. घरी मी सगळ्यांचं झाल्यावर जेवते. रस्सा तळाचा आणि भाकरी गार. इथे वाढपी मलाच विचारत होता, "और क्या होना अम्मा?" मला काय हवं हे कोणी विचारल्याची सवय नव्हती. मी म्हटलं, "कांदा." तो कांदा घेऊन आला. मग मी धीर करून लिंबू मागितलं. तेही आणलं!

दुसऱ्या दिवशी एका खानावळीत गेलो, केळीच्या पानावर जेवण. जाऊबाई म्हणाली, आज इथलं खास खाऊ, जे आपल्याकडे मिळतच नाही. वाढप्याने पानाच्या कोपऱ्यात हिरवट काळी चटणी वाढली आणि मोठ्या अभिमानाने तिचं नाव सांगितलं. जाऊबाईने बोट लावून चाटलं. डोळे मोठे केले. परत चाटलं.

"लहाने," ती मला म्हणाली, "हे अंबाडी होय."

खरंच अंबाडी होती. आमच्या शेतात धुऱ्याला, बांधावर, उगवते तीच. "एवढं तिकीट काढून अंबाडी खाले आलो, बाप्पा," म्हणत तिने तीन वेळा मागून घेतली.

मग नवाबाचा अजबखाना पाहिला. तिथे एक मोठं घड्याळ आहे. तासाला आतून एक छोटा माणूस येतो आणि घंटेवर टोले देतो. बघायला लोक खुर्च्यांवर बसून राहतात. आम्ही पोचलो तेव्हा बाराचे टोले नुकतेच पडून गेले होते. लोक खूश होऊन उठत होते. जाऊबाईने पुढच्या तीन खुर्च्या पकडल्या. "हालायचं नाही," म्हणाली. आम्ही तासभर हाललो नाही. मागे गर्दी झाली, पोरं खांद्यावर चढली. शेवटी दार उघडलं, छोटा माणूस आला, त्याने एक टोला दिला आणि आत निघून गेला.

एक वाजला होता.

"इतकुसं काम?" जाऊबाई मोठ्याने म्हणाली. "याले घरी रोजाने ठेवला असता तं दुपारी घरी पाठवला असता." आजूबाजूला कोणाला मराठी कळत असेल असं वाटलं नव्हतं, पण मागची दोन-तीन माणसं हसली.

गोवळकोंड्याला मात्र माझी फजिती झाली. खाली दरवाज्यात टाळी वाजवली की वर माथ्यावर ऐकू येते, अशी त्या किल्ल्याची करामत. जाऊबाईचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "तू जाय वर. काही लागलं तं मी इथून दोन टाळ्या वाजवतो. लगेच खाली येजो." मी चढले. पायऱ्या मोजत होते, मग मोजणं सोडलं. वर पोचते तोच दोन टाळ्या. मी धावत अर्ध्या वाटेवर उतरले. तिथून खाली पाहते तर एक सहल आलेली, शंभर पोरं, सगळी टाळ्या वाजवतात. परत चढले. परत दोन टाळ्या. अशी तीनदा अर्धी उतरले आणि तीनदा चढले. शेवटी मी कठड्याला धरून खाली तोंड केलं आणि बोंबलले, "ओ जाऊबाई! कोणती टाळी तुमची?"

लग्न झाल्यापासून मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. वर कोणी ओळखीचं नव्हतं. वारा होता. मी अजून एकदा ओरडले, उगीचच.

खाली आल्यावर सांगितलं तर जाऊबाई म्हणाली, "मले तं काही ऐकू नाही आलं. तू अन् बोंबलली? फेक नको मारू."

बांगड्या शेवटच्या दिवसासाठी ठेवल्या होत्या. गल्लीच बांगड्यांची, दोन्ही बाजूंनी दुकानं, दिवे लावलेले, चमक अशी की डोळे मिटावे लागत होते. एक कारागीर शेगडीपाशी बसून गरम लाखेवर चिमट्याने खडे बसवत होता. खालाने दुकान ठरवलं, भाव पाडून दिला आणि बहिणीच्या नातवाला बघायला म्हणून "अभी आई" करून गेली. जाऊबाई समोरच्या मोतीवाल्याला खोटे मोती कसे ओळखायचे ते शिकवत होती. मी एकटी.

दुकानदाराने विचारलं, "नाप क्या होना अम्मा?"

मला उत्तर माहीत होतं. निंदणं-खुरपणं आणि कापूस वेचणाऱ्या बायांचे हात कसे असतात ते मी रोज पाहते. पण तोंड उघडेना. रंग निवडताना बोट दाखवून भागत होतं, इथे आकडा सांगायचा होता, तोही हिंदीत. मी नुसता हात पुढे केला. त्याने माझ्या हातात एक बांगडी घातली, ती सरकन गेली. "बस, यहीच," म्हणाला आणि सगळे डबे त्याच मापाचे बांधले. मी मान हलवली.

गावात पहिली गिऱ्हाईक आली ती अध्यक्षबाईच. हिरव्या बांगड्या उचलल्या, खूश झाली, हात पुढे केला. बांगडी बोटांच्या पेरापाशी येऊन थांबली. खालाने साबण लावला, हात चोळला, दाबला. ती असे किती हात रोज वळवते, पण हा वळेना. दुसरी बाई आली, तिसरी आली. सगळ्यांच्या बांगड्या त्याच ठिकाणी थांबल्या. खालाने एक बांगडी निखाऱ्यावर धरून वाढवून पाहिली. बांगडी वाढली, आरसे गळून राखेत पडले.

खालाने माझा हात धरला, एक बांगडी त्यात घातली आणि कपाळाला हात मारला. "तूने अपना हाथ दिखाया!"

जाऊबाई एवढंच म्हणाली, "आता साऱ्या तूच घालजो."

पुढचा महिनाभर भिंतीवरून आवाज येत राहिला. "काव, बांगड्या गेल्या का? शेळीवाला विचारून राह्यला माय." मी चूल फुंकत बसायचे. फाल्गुन गेला. डब्यांवर धूळ बसली. अक्षयतृतीया समोर दिसत होती, आणि नवऱ्याकडे मागायची सोय नव्हती. घरात बियाण्याचेच पैसे जेमतेम होते.

मग खाला म्हणाली, लहान हात शोध. अकोल्यात जठारपेठेत तिच्या पुतण्याचं कंगवे-रिबिनीचं दुकान होतं आणि समोर शिकवणीचे क्लास. पोरी पुस्तकं धरतात, विळा धरत नाहीत. त्यांच्या हाताला काय होतं? मला त्या दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि खाला निघून गेली. मुद्दाम गेली, हे आता कळतं.

पहिले दोन दिवस मी पदर ओढून बसले. पोरी आल्या, पाहून गेल्या. तिसऱ्या दिवशी एक चष्मेवाली वाकली आणि विचारलं, "काकू, या कुठल्या?"

"हैदराबादच्या."

"तुम्ही गेल्या होत्या? काय पाहिलं?"

काय झालं कोण जाणे. मी घड्याळाचं सांगितलं. तासभर बसलो आणि एकच टोला. ती हसत पायरीवरच बसली. मैत्रिणीला बोलावलं, "ऐक ना, काकू, परत सांगा." मग मी टाळ्यांचं सांगितलं, आणि बिर्याणीच्या शनिवारचं. हात पुढे होत गेले, बांगड्या सरकन जात गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोरी आल्या, बांगड्यांसाठी कमी आणि घड्याळासाठी जास्त. मी थोडं थोडं वाढवूनही सांगत होते. गोवळकोंड्यावर मी तीनदा उतरले होते, जठारपेठेत सातदा उतरले.

शेवटचे दोन डबे माझ्या मावसबहिणीची मुलगी अमरावतीला होस्टेलवर घेऊन गेली. आठ दिवसांत पैसे पाठवले आणि चिठ्ठी, की अजून आहेत का.

अक्षयतृतीयेला गटाची बैठक अध्यक्षबाईच्या ओसरीवर होती. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला नेहमीसारखा ताप आला नाही. मी उठून पाच हजार आणि वरचं व्याज सतरंजीवर ठेवलं. अध्यक्षबाईने थुंकी लावून एकदा मोजले, मग उलटीकडून मोजले. "पुरे हाय," म्हणाली. वहीत 'पूर्ण फेड' लिहिलं आणि मी तिथे सही केली, जमेल तेवढं मोठं अक्षर काढून. तिने लगेच खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, तेच पैसे उचलून कमरेला खोचले आणि शेळीवाल्याला निरोप पाठवला.