शिफारसपत्र आणि जबाब

खून-दरोड्यांचे तपशील आता विसरत चाललो आहे. एक साधी अर्ज-चौकशी मात्र आजही आठवते, आणि आठवली की जीव हळहळतो.

पुण्यातली निम्मी तरुण मंडळी तेव्हा परदेशी अर्ज भरण्यात गुंतली होती. वारज्याजवळच्या एका इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर तणतणत आमच्या पोलीस ठाण्यात आले. परदेशातल्या विद्यापीठानं त्यांना कळवलं होतं: फिजिओथेरपीच्या पुढच्या शिक्षणासाठी दोन अर्ज आले आहेत आणि दोघांना तुम्ही दिलेली शिफारसपत्रं शब्दशः सारखी आहेत. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर दोन्ही अर्ज बाद.

"माझ्या खोट्या सह्या केल्यात. एक जण नोकरी सोडून गेला, मुलगी अजून आमच्याकडेच आहे. उचला तिला."

"उचलायला ती पोतं नाही, डॉक्टरसाहेब. आधी चौकशी करू."

पत्र जिथं टाइप झालं ते डीटीपीचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, "अहो, मजकूर एकच असतो. मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ. आम्ही फक्त नाव बदलतो."

मुलगी यवतमाळकडची. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून तिला विचारलं, तर म्हणाली, "सरच म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. स्वतःची स्तुती स्वतः कशी लिहायची जी? लाज वाटली. म्हणून दुकानातलंच घेतलं."

"मग खरं काय लिहायला हवं होतं? काम काय करतेस तू?"

ती बोलू लागली आणि मी लिहू लागलो. पक्षाघात झालेल्या एक आजी व्यायामाला हात लावू देत नव्हत्या. हिनं मटार आणले आणि नुसतेच त्यांच्यापुढे ठेवले. पहिल्या दिवशी आजींनी एक शेंग सोलली. महिन्याभरानं स्वतःच्या हातानं वेणी घातली. असं बरंच होतं. जबाब चार पानं झाला. रिवाजाप्रमाणे तो तिला वाचून दाखवला, तेव्हा ती रडायला लागली. मला वाटलं, घाबरली.

सह्यांचे नमुने घ्यायला इस्पितळात गेलो. डॉक्टर फोनवर बोलत होते. शिपायानं कागद पुढे सरकवले आणि न वाचता त्यांनी सात सह्या ठोकल्या. मला उलगडा झाला.

"असल्या इंग्रजीखाली मी सही करीन?" पत्र पुढे ठेवताच ते म्हणाले.

"केलीत. तीच पंचाईत आहे." मग मी जबाब त्यांच्या हातात दिला.

मटारापाशी ते थांबले. "हे तिचं होतं होय? मी तर वॉर्डात भाजी निवडता म्हणून झापलं होतं तिला." त्यांनी तक्रार मागे घेतली आणि चूक आपली असल्याचं विद्यापीठाला कळवलं. दोघांची पत्रं नव्यानं लिहायला घेतली. तिचं तर माझ्यासमोरच, स्वतःच्या हातानं.

तिला प्रवेश मिळाला. जायच्या आधी ती ठाण्यात आली.

"साहेब, त्या जबाबाची नक्कल मिळेल का?"

"आता कशाला? पत्र गेलं ना?"

"ते बंद पाकिटात गेलं, मी वाचलंच नाही. आणि इंग्रजीत होतं. माझ्याबद्दल चांगलं असं कुणी पहिल्यांदाच लिहिलं. आईला वाचून दाखवायचं होतं."

मी म्हणालो, "कागद दप्तरी दाखल झालाय. नक्कल देता येत नाही."

"बरं," म्हणाली आणि नमस्कार करून गेली.

माणसाबद्दल खरं लिहायचं तर आधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं, हे या चौकशीनं मला शिकवलं. पण शिकायला उशीर झाला. ते दप्तर नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झालं असेल. नक्कल देता येत नव्हती हे खरंच. पण समोर बाक होता, टेबलावर कोरे कागद होते. बस आणि उतरवून घे, एवढं म्हणायला मला कुठल्या नियमानं अडवलं होतं?