पहिलं मिनिट

माझ्या स्पीकरसाठी फळी बसवायला मालगुंडहून एक सुतार आला होता. काम करताना तो फोन स्टीलच्या पेल्यात उभा करून गाणी लावायचा. त्या पत्र्यासारख्या आवाजाची मला कीव आली. "खरा आवाज ऐका," म्हणत मी माझं आवडतं गाणं लावलं, मिनिटभराने थांबवलं, आवाज आणखी खुलावा म्हणून स्पीकरची वायर बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. असं चारदा झालं. तो रंधा मांडीवर घेऊन ऐकत होता. गाणं तुटलं की त्याचं हलणारं पाऊल थांबायचं.

"आवाज बरा आहे हो," तो शेवटी म्हणाला, "पण गाणं पुरं कधी लावता?"

हत्यारं पिशवीत भरताना तो त्याच गाण्याचं शेवटचं कडवं गुणगुणत होता. माझ्या वीस वर्षांच्या आवडत्या गाण्याचं ते कडवं मी पहिल्यांदाच ऐकलं.