मावशींचं एंटर

ओझरच्या पुढे हायवेलगत द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. तिथे आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायला मी गेले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, आणि हा मी लिहिलेला पहिलाच प्रोग्राम. एकदाच लिहायचा आणि तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालवायचा, अशी त्याची रचना. ऑफिसात तीन मशीनवर तोच स्क्रीन उघडलेला पाहून मी हरखून गेले होते.

पॅकहाऊसच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र तो मलाच ओळखू येईना. अक्षरं बारीक, बटणं सपाट आणि करडी. कुठे दाबायचं नि कुठे नुसतं वाचायचं, काही कळेना. त्यासमोर एक मावशी बसायच्या. काट्यावर पेटी आली की बागेचा नंबर, द्राक्षाची जात आणि वजन भरून लेबल काढायचं, हे त्यांचं काम. शाळा सातवीत सुटलेली. जुन्या, काळ्या पडद्याच्या प्रोग्रामवर त्यांनी कितीतरी हंगाम काढले होते.

पहिलं लेबल आलं ते नुसत्या बागेच्या नंबराचं. जात आणि वजन कोरं. दुसरंही तसंच.

“मावशी, सगळं भरल्याशिवाय एंटर दाबू नका.”

“नाय दाबत, मॅडम,” म्हणाल्या आणि दाबलंच.

पेट्या भरणाऱ्या बायकांत हशा पिकला. “मशीन कालेजात गेलं, मावशी सातवीतच राहिल्या!”

मावशी हसल्या नाहीत. मॅनेजर मला म्हणाले, “उद्यापासून तुमच्यासारखी एखादी ग्रॅज्युएट मुलगी बसवतो. यांना पेट्या उचलायला पाठवू.”

‘तुमच्यासारखी’ ऐकून एरवी मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मान वर होईना. मी तासभर मागून घेतला, जुना प्रोग्राम परत लावला आणि मावशींच्या मागे उभी राहिले.

मावशी पडद्याकडे बघतच नव्हत्या. नजर काट्यावर आणि द्राक्षांवर. बोटं आपली चाललेली: नंबर, एंटर, जात, एंटर, वजन, एंटर. मधेच म्हणाल्या, “ही पेटी मागं घ्या गं, देठ सुकलेत.” हात थांबला नाही. तेव्हा माझी चूक मला दिसली. जुन्या प्रोग्रामात एंटर म्हणजे पुढचा रकाना; लेबल निघायचं ते वजनानंतरच्या एंटरला. मी त्याला थेट लेबल छापायला लावलं होतं. तीन मशीनवर तपासून पाहिलं, पण काम करणाऱ्या एकाही माणसाला आधी पाहिलं नव्हतं.

पालथ्या क्रेटवर बसून मी एंटर पूर्वीसारखं केलं. अक्षरं मोठी केली, बटणांना ठळक कडा दिली.

पुढची पेटी आली. लेबल निघालं. मॅनेजरनी ते दोनदा वाचलं, स्वतःच पेटीवर चिकटवलं आणि म्हणाले, “चालू द्या मावशी.”

“काय बदललंस गं पोरी?” मावशींनी विचारलं. नजर काट्यावरच होती.