पान एक्कावन्न

ज्यानं मूळ पुस्तक वाचलंय त्यानं सिनेमात हसू नये, तो लेखकाचा अपमान असतो. हा सिद्धान्त आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांचा. तो सांगताना ते डोळे मिटत, न दिसणाऱ्या पुस्तकात खुणेसाठी बोट घालत आणि म्हणत, "पुस्तकात असं न्हाय." कुठल्याही सिनेमाबद्दल. काही सिनेमांमागे मुळात पुस्तकच नव्हतं, पण तसं बोलून दाखवायचा धीर कुणाला झाला नाही. साऱ्या कॉलेजात त्यांच्याइतकं वाचलेला माणूस नाही, अशी ख्याती होती.

मी तिथं मराठी शिकवतो. त्यांच्या तोंडची तीन अवतरणं मला एका लेखासाठी हवी होती, म्हणून पुस्तकं काढून शोधली. तिन्ही पान एक्कावन्नवर सापडली.

तुम्हाला माहीत असेल, ग्रंथालयाचं एक गुप्त पान असतं. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं, म्हणून प्रत्येक पुस्तकात त्या ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात. आमचं गुप्त पान एक्कावन्न. शिक्का मारला की ग्रंथपाल शाई वाळेपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घालत आणि तेवढं पान वाचत. तीस वर्षं. पुस्तक मिटलं की पुढचं.

मी हे कुणाला बोललो नाही. आमचे काही प्राध्यापक तर एक्कावन्नपर्यंतही पोचलेले नव्हते.

मग तो सिनेमा आला. कॉलेजजीवनावरचा हिंदी विनोदी सिनेमा, एका मराठी कादंबरीवरून काढलेला. प्राचार्यांनी सात रस्ता चौकाजवळच्या थिएटरात सकाळचा अख्खा खेळ घेतला. मुलं मागं, स्टाफ पुढं. ग्रंथपाल प्राचार्य आणि माझ्या मधे. दिवे मंदावत असताना प्राचार्य त्यांच्याकडं वळले.

"सिनेमा संपला की दहा मिनिटं तुम्ही बोला. कादंबरी आणि चित्रपट. इथंच, पडद्यापुढं. मुलांना कळू दे वाचन म्हणजे काय."

"आज, सर?"

"तुम्हाला काय तयारी लागते?"

पुढचा तासभर सगळं थिएटर हसत होतं. ग्रंथपाल खुर्चीचे हात धरून बसले होते. सिद्धान्त इतका कडक पाळताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. मधेच ते उठू लागले, तर प्राचार्यांनी दंडाला धरून खाली बसवलं. "बसा हो, आता तर मजा आहे."

मध्यंतरातही सुटका नव्हती. प्राचार्यांनी चहा जागेवर मागवला होता आणि त्यांचे गुडघे ओलांडून जायची कॉलेजात पद्धत नव्हती.

ग्रंथपाल माझ्या कानाशी आले. "सर, ही कादंबरी तुमी वाचलीय?"

"वाचलीय," मी म्हणालो. वाचली नव्हती. पण मराठीच्या प्राध्यापकाला नाही म्हणायची सोय नसते.

"शेवट काय हाय हो? माझी अब्रू हाय ह्यात." त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला होता.

"काय चाललंय विद्वानांचं?" प्राचार्य वाकले. मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

सिनेमा संपला. ग्रंथपाल पडद्यापुढं उभे राहिले, तेव्हा पाठीवर शर्ट चिकटला होता. त्यांनी डोळे मिटले, बोट घातलं. "पुस्तकात असं न्हाय."

टाळ्या पडल्या. मागून एका मुलीनं विचारलं, "मग कसं आहे, सर?"

त्यांनी बोट तसंच ठेवलं. मी माझ्या पायांकडं पाहत राहिलो.

"पुस्तकात हा पोरगा आईला पत्र लिहितो," ते हळू म्हणाले. "लिहितो, आई, मला हितनं घेऊन जा. दार उघडं हाय, पण मला जाता येत न्हाय. सगळे हसत्यात म्हणून मी बी हसतो." त्यांनी डोळे उघडले. "दोन तास तुमी त्याला हसताना बघितला. पुस्तकात तो एक पानभर रडतोय. बाकीचं माझ्याकडनं ऐकू नका. वाचा. प्रत एकच हाय, नंबर लावा."

 मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. प्राचार्यांनी डोळे पुसले. मी ते पत्र नंतर चार वर्षं वर्गात सांगितलं.

गेल्या वर्षी ग्रंथपाल निवृत्त झाले, वैराग गावी भावाकडं गेले. आता पुस्तकांना पट्ट्यापट्ट्यांची बारकोडची चिठ्ठी लागते. शिक्का नाही, वारा घालणं नाही. त्यांची खुर्ची भिंतीशी लावून ठेवली आहे.

परवा मी ती कादंबरी काढली. पान एक्कावन्नवर किंचित तिरका शिक्का, आणि पत्र शब्दन् शब्द तेच. मी पान उलटलं.

पान बावन्नवर मुलगा ते पत्र होस्टेलच्या रेक्टरला सापडेल असं मुद्दाम टाकून ठेवतो. रेक्टर विरघळतो आणि त्याला दिवसभराची सुट्टी देतो. मुलगा सिनेमाला जातो.